कारकून, कतबा आणि बाहुली

एकाकी माणसाच्या हातात लेखक काय देतो, यावरून त्या लेखकाची आणि त्याच्या समाजाचीही पारख होते. कोणी त्याच्या हातात पेला देतो, कोणी तसबीह, कोणी जुने पत्र. २००७ साली आलेल्या 'लार्स अँड द रिअल गर्ल' या अमेरिकन चित्रपटात पटकथाकार नॅन्सी ऑलिव्हर यांनी एका कचेरीतल्या नोकराच्या हातात बाहुली दिली. दिग्दर्शन क्रेग गिलेस्पी यांचे. लार्सचे काम रायन गॉसलिंग या नटाने केले आहे.

लार्स थंड प्रदेशातल्या एका लहान गावात राहतो. दिवसभर कचेरीत संगणकासमोर बसतो आणि संध्याकाळी भावाच्या घराशेजारच्या गॅरेजमधल्या खोलीत परततो. त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. कोणी नुसता हात लावला तरी त्याला वेदना होतात. भावजय त्याला जेवायला बोलावते आणि तो काहीतरी सबब सांगून टाळतो. मग एक दिवस माणसाच्या उंचीची एक बाहुली मागवून तो तिला भावाच्या घरी घेऊन येतो. तिचे नाव बियांका. ती परदेशातून आलेली पाहुणी आहे, तिला चालता येत नाही, आमचे लग्न झालेले नाही म्हणून तिने तुमच्या घरातल्या खोलीत झोपावे, असे तो अगदी सरळ चेहऱ्याने सांगतो. अशा बाहुल्या कशासाठी विकल्या जातात, हे चित्रपट लपवत नाही. परंतु लार्सला तिच्याकडून हवे असते ते एवढेच, की जेवताना शेजारची खुर्ची रिकामी असू नये. आणि तो आनंदी होतो. खरोखरच आनंदी होतो.

ही गोष्ट कोणालाही सांगितली तर पहिल्यांदा हसू येते. त्या हसण्याचा विचार केला पाहिजे. आपल्या घरांत गुड्डा-गुडियाची शादी ही काही नवी गोष्ट नाही. चिंध्यांची गुडिया, तिला अम्मीच्या जुन्या ओढणीचा दुपट्टा, वाटीभर मिठाई, अंगणातली वरात आणि शेवटी रुखसतीचे खोटे रडणे. या खोट्या रडण्याला कोणी हसत नाही, उलट घरातल्या बायका कौतुकाने पाहतात. मुलगी मोठी झाली की गुडिया पेटीत जाते. मुलाच्या हातात तर ती येतच नाही. आली तर काढून घेतली जाते. जिवाभावाचे निर्जीव काहीतरी जवळ बाळगण्याची मुभा आपण फक्त लहान मुलींना दिली आहे, तीही थोड्या वर्षांसाठी. मग एखादा मोठा माणूस, तोही नोकरदार पुरुष, तसे करू लागला की आपल्याला हसू येते आणि हसण्याच्या मागोमाग भीती वाटते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू अफसान्यांतल्या कारकुनांशी माझा रोजचा परिचय आहे. लार्सची गोष्ट पाहिल्यावर मनात प्रश्न आला की आपल्या कथांमधल्या कारकुनाजवळ अशी बाहुली आहे का? माझे उत्तर असे आहे की ती आहे. फक्त तिला बाहुलीचा आकार नसल्यामुळे आपण ती ओळखली नाही. तिला आपण गरिबीचे प्रतीक म्हणालो, व्यवस्थेवरची टीका म्हणालो आणि परीक्षेच्या प्रश्नाचे उत्तर लिहून मोकळे झालो.

सर्वांत आधी गुलाम अब्बास यांची 'कतबा' ही कथा घेऊ. ती त्यांच्या १९४८ च्या 'आनंदी' या संग्रहात आहे. याच संग्रहाच्या शीर्षककथेवरून श्याम बेनेगल यांनी १९८३ साली 'मंडी' हा चित्रपट केला, म्हणून मराठी वाचकांनाही हे नाव अगदी अपरिचित नसावे. 'कतबा' या शब्दापाशीच मराठी वाचकाला थांबावे लागते. कतबा म्हणजे दगडावर कोरलेली अक्षरे. ती घराच्या दारावर असतात, तशीच कबरीवरही असतात. मराठीत 'पाटी' म्हटले की कबर सुटते आणि 'शिलालेख' म्हटले की घर सुटते. आणि ही संपूर्ण कथा नेमकी या दोन अर्थांच्या मधल्या अंतरात घडते.

शरीफ हुसेन हा दुय्यम दर्जाचा कारकून. हजारो कारकून सकाळी ज्या कचेऱ्यांकडे जातात आणि संध्याकाळी ज्यांतून बाहेर पडतात, त्या गर्दीतला एक. त्या दिवशी बायको-मुले तिच्या माहेरी गेलेली आहेत, घरी वाट पाहणारे कोणी नाही आणि खिशात थोडे पैसे उरलेले आहेत. म्हणून तो जामा मशिदीजवळच्या कबाडी बाजारात रेंगाळतो. तिथे संगमरवराचा एक सुबक तुकडा त्याला दिसतो. घ्यायचा नसतोच, सहज भाव विचारतो. विक्रेता तीन रुपये सांगतो, हा सुटका करून घेण्यासाठी एक रुपया म्हणतो आणि पुढे निघतो, तर विक्रेता त्याच भावात द्यायला तयार होतो. दगड गळ्यात पडतो. घेतल्यावर मात्र त्याच्या मनात एक कल्पना उगवते. बढती होईल, लहानसे घर होईल, त्याच्या दारावर हा दगड लागेल. तो संगतराशाकडून त्यावर आपले नाव कोरून घेतो आणि ती अक्षरे पाहून त्याला असे सुख होते की जे आजवर कधी झाले नव्हते.

आमच्याकडे ही कथा शिकवताना शेवटावर सगळा भर दिला जातो. बढती काही काळापुरतीच मिळते आणि जाते, घर होत नाही, दगड आधी डोळ्यांसमोर, मग कपाटात, मग अडगळीत जातो. शरीफ हुसेन म्हातारा होतो, पेन्शनीत जातो, मरतो. मुलाला सामान आवरताना तो दगड सापडतो आणि थोडासा फेरफार करून तो बापाच्या कबरीवर लावतो. कारकुनाला जिवंतपणी दार मिळाले नाही, मेल्यावर कबर मिळाली, असा निष्कर्ष फळ्यावर लिहिला जातो. तो चूक नाही. पण या निष्कर्षात कथेचा मधला भाग हरवतो. तो दगड घरी नेऊन शरीफ हुसेन त्याला पाहत बसतो, त्याची जागा ठरवतो, त्याच्याकडे पाहून कामाला हुरूप येतो, त्याच्या भरवशावर पुढच्या दिवसांची स्वप्ने रचतो, हे काय आहे? माझ्या मते हे बाहुलीशी खेळणे आहे. मुलगी गुडियाचे लग्न लावते तेव्हा ती आपल्याच उद्याच्या घराचा खेळ मांडते. शरीफ हुसेनही तेच करतो. फरक एवढाच की मुलीच्या खेळात चार मैत्रिणी असतात आणि शरीफ हुसेनच्या खेळात कोणीही नाही.

आता कथा पुन्हा वाचून पाहा. त्या दगडाविषयी त्याच्याशी कोणी बोलल्याचे आठवते का? ज्या दिवशी तो दगड घरात येतो, त्या दिवशी घर रिकामे आहे. गुलाम अब्बास यांनी बायकोला माहेरी पाठवले ते फक्त खिशात पैसे उरावेत म्हणून नव्हे. त्या सुखाला साक्षीदार नसावा, म्हणूनही पाठवले आहे. पुढे घर भरते, मुले मोठी होतात, पण त्या दगडात बापाचे काय अडकले आहे, हे कोणाला ठाऊक होत नाही. मुलाला ते कळते तेव्हा बाप ऐकायला उरलेला नाही. 'कतबा'ची शोकांतिका अशी आहे की माणसाची बाहुली घरातल्या माणसांनी पाहिली, पण ती बाहुली आहे हे त्यांना कधी दिसले नाही.

या कथेचा पूर्वज सगळ्यांना माहीत आहे. गोगोलच्या १८४२ च्या 'ओव्हरकोट'मधला अकाकी अकाकीयेविच हाही कारकूनच. नव्या कोटासाठी तो उपाशी राहून पैसे साठवतो. त्या दिवसांचे वर्णन करताना गोगोलने एक विलक्षण गोष्ट केली आहे. या माणसाचे जणू लग्न झाले, आयुष्याची सोबतीण मिळाली, आणि ती सोबतीण म्हणजे तो कोट, असे तो सुचवतो. म्हणजे कोटात बाहुली पाहणारा पहिला वाचक स्वतः गोगोलच आहे. अकाकीच्या कोटाचे कौतुक करायला कचेरीतले सोबती जमतात खरे, पण त्यात थट्टाच जास्त. त्याच रात्री कोट लुटला जातो आणि कोटाच्या मागोमाग तोही जातो.

राजेंद्रसिंह बेदी यांनी या कोटाला लाहोरला आणले. बेदी स्वतः लाहोरच्या टपाल खात्यात कारकून होते. 'दाना-ओ-दाम' या त्यांच्या पहिल्या संग्रहात 'गरम कोट' ही कथा आहे आणि १९५५ साली तिच्यावर बलराज साहनी व निरूपा रॉय यांचा चित्रपटही निघाला. या कथेतल्या कारकुनाचा कोट फाटलेला आहे आणि नव्या कोटाची हौस त्याने मनात दाबून ठेवली आहे. घरातल्या मागण्यांची यादी लांब आहे: बायकोला कानातले, मुलाला तीनचाकी, मुलीला मिठाई. दहा रुपयांची एक नोट हरवते, कोटाच्या अस्तरात सापडते. शेवटी बायको शम्मी यादी घेऊन बाजारात जाते, आणि परत येते ती नवऱ्याच्या कोटाचे कापड घेऊन.

येथे बेदी गोगोलपासूनही आणि गुलाम अब्बास यांच्यापासूनही वेगळे होतात. त्यांच्या कारकुनाची बाहुली कोणीतरी पाहिली आहे. शम्मीला त्याने कोट मागितलेला नाही. उलट नाहीच म्हटले आहे. तरी तिला ते दिसले. म्हणून 'गरम कोट'मधली गरिबी 'कतबा'तल्या गरिबीपेक्षा काही कमी नसतानाही ती कथा वाचून आपण गुदमरत नाही. दोन्ही कथांमधला पगार सारखाच, दोन्हींमधले दफ्तर सारखेच. फरक एका माणसाच्या नजरेचा आहे.

हीच गोष्ट प्रेमचंद यांच्या 'ईदगाह'मध्ये मुलांच्या पातळीवर घडते. १९३३ सालची ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी उर्दूत, हिंदीत किंवा मराठी अनुवादात वाचलेली असते. हमीदचे मित्र मातीची खेळणी घेतात: शिपाई, भिश्ती, वकील, धोबीण. हमीद तीन पैशांत दादीसाठी चिमटा घेतो. शाळेत आपण याचे तात्पर्य सांगतो की खेळणी निरुपयोगी, चिमटा उपयोगी. हमीद शहाणा, बाकीचे मूर्ख. पण कथेत हमीद चिमट्याचे समर्थन कसे करतो ते पाहा. खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात धरला की फकिराचा चिमटा, वाजवला की वाद्य. म्हणजे त्याने चिमट्याचे खेळणेच केले आहे. तो त्याचा शिपाई आहे. आणि मित्र ते मान्य करतात, आपापली खेळणी त्याच्या हाती देऊन चिमटा हातात घेऊन पाहतात. पाच मुलांच्या त्या छोट्या जमातीने लोखंडाच्या तुकड्याला खेळण्याचा दर्जा दिला, म्हणून हमीदची ईद ईद झाली. घरी गेल्यावर दादी अमीना आधी रागावते आणि मग तिला सगळे कळते. मातीची खेळणी त्याच दिवशी फुटतात; चिमटा टिकतो, तो केवळ लोखंडाचा म्हणून नव्हे.

आता पुन्हा लार्सकडे येऊ. चित्रपटाची खरी कथा बाहुली आल्यानंतर सुरू होते. भाऊ हादरतो, त्याला लोक काय म्हणतील याची चिंता आहे. डॉक्टरीण सांगते की बियांका गावात कशासाठी तरी आली आहे, तुम्ही तिच्याशी माणसासारखे वागा. प्रश्न चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे जातो. तिथे कोणीतरी नाक मुरडते, तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरात काय विचित्र चालते याची एकमेकांना आठवण करून दिली जाते. आणि गाव ठरवते की बियांका आपली पाहुणी आहे. तिचे केस कापले जातात, तिला कपडे मिळतात, ती इस्पितळात आजाऱ्यांजवळ बसायला जाते, एवढेच काय, शाळेच्या मंडळावर निवडून येते. हसू येते, पण आता ते हसणे सुरुवातीचे उरत नाही.

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बाहुली कधी नाही म्हणत नाही, रुसत नाही, आजारी पडून खर्च वाढवत नाही. जी नाही म्हणू शकत नाही तिच्यात सुख शोधणारा पुरुष तिच्यावर प्रेम करतो की फक्त स्वतःवर? आम्हा बायकांना हा प्रश्न जास्त टोचतो, कारण अनेक घरांत सुनेने बाहुलीसारखेच असावे अशी अपेक्षा असते. चित्रपट हा प्रश्न टाळत नाही, असे माझे मत आहे. गावातल्या बायका बियांकाला आपल्याबरोबर घेऊन जाऊ लागतात, तिचे स्वतःचे वेळापत्रक तयार होते, आणि एका संध्याकाळी ती लार्सच्या वाट्याला येत नाही. लार्स चिडतो. भावजय कारीन त्याला प्रथमच खडसावते की हे सारे गाव तुझ्यावरच्या मायेपोटी राबते आहे. हा प्रसंग चित्रपटाचा कणा आहे. बाहुलीला लोकांनी माणूस मानले, म्हणून ती लार्सच्या मुठीतून सुटली, आणि ती सुटली म्हणून लार्सला माणसे दिसली. पुढे बियांका आजारी पडते आणि मरते. तिच्या दफनाला गाव जमते. नंतर लार्स कचेरीतल्या मार्गो नावाच्या मुलीला फिरायला चलतेस का म्हणून विचारतो.

हे फार गोड आहे, असे कोणी म्हणेल. एक संपूर्ण गाव इतके समजूतदार असते का? नसते. पण 'कतबा'तले शहर जितके खरे आहे तितकाच खरा या गावाचा प्रश्न आहे. गुलाम अब्बास दाखवतात की कोणी विचारले नाही तर काय होते. ऑलिव्हर दाखवतात की सगळ्यांनी विचारले तर काय होईल. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की लक्षात येते की बाहुली किंवा दगड कोणालाही सुखी करत नाही. ती वस्तू माणसाच्या अंतःकरणाचे बंद दार आहे. बाहेरून कोणी ते ठोठावले तरच ते उघडते.

आपल्या महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण द्यायचे तर २०१३ च्या रितेश बत्रा यांच्या 'द लंचबॉक्स'चे देता येईल. मुंबईच्या एका कचेरीत पस्तीस वर्षे आकडे तपासणारा विधुर साजन फर्नांडिस. गल्लीतल्या मुलांवर खेकसणारा, जेवताना एकटा बसणारा. मेलेल्या बायकोच्या आवडीची जुनी मालिका चित्रफितीवर पाहत बसणारा. डबेवाल्याच्या चुकीने एका अनोळखी बाईचा डबा त्याच्या टेबलावर येतो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. चर्चा झाली ती साजन आणि इला यांच्या न झालेल्या भेटीची. माझे लक्ष मात्र शेख या पात्राकडे गेले. साजनच्या जागी नेमलेला हा तरुण अनाथ आहे, चिवट आहे, थोडा खोटेही बोलतो. साजन त्याला टाळतो आणि हा टळत नाही. डब्यातले जेवण वाटून घेतो, घरी बोलावतो, आणि स्वतःच्या निकाहात आपल्या बाजूने उभे राहायला साजनलाच नेतो. डब्याने साजनला जागे केले; पण त्याला कोणाचा तरी माणूस बनवले ते शेखने. हिंदी पडद्यावर मुसलमान पात्राच्या वाट्याला सहसा बंदूक, शायरी किंवा त्याग येतो. इथे त्याच्या वाट्याला शेजारधर्म आला, याची दखल आपल्या समीक्षेने घ्यायला हवी होती.

बाहुली म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात तस्वीर आणि मूर्तीविषयीचा धार्मिक प्रश्न येईल. त्यावर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि फतवा देणे हे माझे काम नाही. पण एका रिवायतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. सहीह बुखारीत आहे की हजरत आयशा (रजि.) मैत्रिणींबरोबर बाहुल्यांशी खेळत. रसूलुल्लाह (स.) आत आले की मैत्रिणी संकोचाने लपत, आणि आप (स.) त्यांना पुन्हा आयशांकडे खेळायला पाठवत. अबू दाऊद यांच्या संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख लावलेला एक घोडा दिसला, तेव्हा आप (स.) यांनी हे काय आहे म्हणून विचारले. घोडा आहे, आणि सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असे उत्तर मिळाले आणि आप (स.) हसले. मला यात मसला नव्हे, रीत दिसते. एवढ्या मोठ्या जबाबदारीखाली असलेला माणूस थांबतो, खेळण्याकडे बोट दाखवून विचारतो, उत्तर ऐकतो आणि हसतो. हे हसणे थट्टेचे नाही. शरीफ हुसेनच्या घरात असा एक प्रश्न कोणी विचारला असता, तर 'कतबा' वेगळी कथा झाली असती.

आता आपल्या लेखनाकडे वळते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मराठीत आपले जगणे मांडतो आहोत. दंगली, संशय, तलाक, शिक्षण, जातीपाती, बेकारी, हे सगळे लिहिणे भाग होते. दुसऱ्या कोणी ते आपल्यासाठी लिहिणार नव्हते. परंतु या लढाईत आपल्या कथेतला माणूस नेहमी कोणाचा तरी प्रतिनिधी झाला. तो समाजाच्या वतीने बोलतो, समाजाच्या वतीने सोसतो. त्याला स्वतःची म्हणून एखादी वेडगळ वस्तू जवळ बाळगायला आपण सवड दिली नाही. तो दंगलीत मरतो, पण रविवारी दुपारी त्याला करमत नाही असे आपण लिहीत नाही. एकटेपणा हा सुखवस्तू लोकांचा चोचला आहे, असे आपल्या मनात कुठेतरी बसले आहे. आणि आपल्याकडे तर एकत्र कुटुंब आहे, मोहल्ला आहे, मशीद आहे, मग एकटे कोण? शरीफ हुसेनजवळ हे सगळे होते.

आमच्या बीड जिल्ह्यात असे एकटे लोक शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. गावे निम्मी रिकामी होतात. मागे उरतात म्हातारी माणसे, काही मुले आणि बदलीवर आलेले नोकरदार. २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. त्यानंतर कितीतरी तरुण-तरुणी तीन तीन वर्षे मानधनावर, घरापासून दूर, भाड्याच्या एका खोलीत राहिले. त्यांच्यात आपलेही होते. तहसील कचेरीतला कारकून, टपाल खात्यातला माणूस, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेवरचा एकटा शिक्षक. गावातल्या लोकांना तो सकाळी शाळा उघडताना आणि संध्याकाळी कुलूप लावताना दिसतो. रात्री त्या खोलीत काय असते, हे आपल्या कथेने अजून विचारलेले नाही.

यात भाषेचाही एक धागा आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि इथल्या कचेरीची भाषा उर्दू होती. अर्ज, रजा, हजेरी, तारीख, शिरस्तेदार हे शब्द तर त्याच्याही आधीपासून मराठीत आहेत. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. तोच शब्द मराठीत कागदांचे गाठोडे झाला आणि शेवटी 'दप्तर' होऊन शाळकरी पोराच्या पाठीवर बसला. म्हणजे कारकुनाची कथा ही आपल्या दोन्ही भाषांची सामाईक मिळकत आहे. उर्दूने ती गुलाम अब्बास आणि बेदी यांच्याकडून उत्तम लिहून घेतली. मुसलमान मराठी लेखकाला ती पुढे नेण्याची सर्वांत सोयीची जागा मिळालेली आहे, कारण त्याच्या एका खिशात 'कतबा' आहे आणि दुसऱ्या खिशात तालुक्याच्या गावातली खोली.

काही जण म्हणतील की समाजापुढे एवढे प्रश्न असताना बाहुलीचे कौतुक कशाला? मी उलट म्हणेन. ज्या समाजाकडे बाहेरचे लोक सतत एक जमाव म्हणून पाहतात, त्या समाजातल्या लेखकाने एकेका माणसाची खोली उघडून दाखवणे हे कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त बोलके आहे. जमावाला बाहुली नसते. ज्याच्याजवळ बाहुली आहे तो माणूस आहे, हे सिद्ध करावे लागत नाही.

म्हणून मला वाचायला आवडेल अशी कथा अगदी साधी आहे. माजलगाव, धारूर, पाटोदा, कोणतेही गाव चालेल. पन्नाशीचा एक अविवाहित कारकून. त्याच्या कपाटात, चहाच्या डब्याच्या मागे, लहानपणी मेलेल्या बहिणीची चिंध्यांची गुडिया आहे. रात्री तो ती काढून खिडकीत ठेवतो आणि दिवसभरात कोणाचा कोणता अर्ज आला ते तिला सांगतो. लेखकाने त्याला वेडा ठरवू नये, त्याच्यावर उपचार करू नयेत, त्याला मारूही नये. फक्त शेजारची एक बाई एकदा साखर मागायला यावी, तिला ती गुडिया दिसावी, आणि तिने तिचे नाव विचारावे. पुढे काय होते, ते लिहिणाऱ्याने ठरवावे.